आवाज : अंगण

तिचं नाव लिहायला आपल्या बाराखडीत घर नाही.
तूर्त लिहिते ओइये. म्हणजे मोहर.
त्यातला पहिला स्वर खरा असा :
जीभ 'ओ'ची, ओठ 'ए'चे.
सारेमा बेटावर मात्र उलट,
ओठ 'ओ'चे, जीभ 'ए'ची.
एवढाच फरक. मधे थोडा समुद्र.

तारतूहून केर्तु आली आहे,
पाठीवर लॅपटॉप, खिशात जास्तीच्या बॅटऱ्या,
वहीत पाच शब्द :
बहीण, किल्ली, सफरचंद, संध्याकाळ
आणि 'शब्द' हा शब्द.
त्यांच्या भाषेत पाचांतही तोच स्वर.

थेट विचारायचं नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण.
बोलण्याबद्दल विचारलं की माणसं
पाहुण्यांसाठीच्या कपबश्या काढतात.
विचारायचं बर्फाबद्दल, बुडण्याबद्दल.
जीव गळ्याशी आला
की जीभ घरच्या कपड्यांत बाहेर येते.

छप्पन्न वर्षांपूर्वी हेल्दुर नावाच्या माणसाने
याच स्वयंपाकघरात हेच विचारलं होतं.
तेव्हा बेटावर पाऊल टाकायलाही परवाना लागे.
त्याचं यंत्र शिलाई मशीनएवढं,
आणि एकोणीस वर्षांची ओइये सांगत होती :
गोठलेल्या समुद्रावर घोडा कसा खचला,
बापाने दोर कापला,
आणि घोड्याने शेवटी वळून कुणाकडे पाहिलं.

केर्तु तीच फीत ऐकवते.
"कोण गं ही?" पंचाहत्तरीची ओइये विचारते.
"किती गावंढळ बोलते!"
"तुम्हीच."

मग बराच वेळ फक्त फ्रिजचा आवाज.

"बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते," ती म्हणते.
"मी 'शुभ संध्याकाळ' म्हटलं
की टॅलिनच्या बायका पलीकडून म्हणायच्या,
पुन्हा म्हण ना."
कुणी कायदा केला नाही. छडीही उगारली नाही.
लोकरीचा मोजा धुण्यागणिक आटतो
तसा तो स्वर आटला,
आणि पाय कधी बाहेर राहिला, कळलं नाही.

(आपल्याकडेही 'ण'चा 'न' ऐकू आला
की माणूस आधी गाव विचारतो,
मग पाणी देतो.)

पडद्यावर करड्या पट्ट्या.
प्रत्येक स्वराचा एक ठिपका,
गावातल्या सव्वीस माणसांचा एक थवा.
जुना थवा डावीकडे, नवा उजवीकडे सरकलेला;
बायका पुढे, मासेमार मागे रेंगाळलेले,
आणि एक पंधरा वर्षांचा पोरगा
मुद्दाम आजोबांच्या ठिपक्यांत जाऊन बसलेला.
केर्तुला तो पोरगा फार आवडतो.
प्रबंधात तसं लिहिता येत नाही.

"थांब," ओइये म्हणते. "मागे ने. अजून मागे."
घोडा पुन्हा बर्फावर येतो,
आणि त्याच्या मागे, खिडकीबाहेर,
कुणीतरी हाक मारतं. एकदाच.
हेल्दुरच्या टिपणात तिथे पेन्सिलीने लिहिलंय :
आवाज, अंगण. मोजू नये.

"आई," ओइये म्हणते.
"गाई आणायला बोलावतेय."

चार वेळा ऐकते. पाचव्या वेळी उठून
खिडकीपाशी जाते, जशी काही उशीर झालाय.

नियमाप्रमाणे शेवटी पुन्हा नाव विचारायचं असतं.
सकाळी तिने ते टेलिफोनवाल्या ओठांनी सांगितलं होतं.
आता सांगते तेव्हा ओठ गोल.
एकच बाई, एकच दिवस, दोन ठिपके,
एकमेकांपासून छप्पन्न वर्षं दूर.
केर्तु दोन्ही ठेवते.
समासात प्रश्नचिन्ह काढते, मग खोडते.

यंत्र बंद झाल्यावर,
दारात, बुटांच्या नाड्या बांधताना,
ओइये तिच्या हातात एक पिशवी कोंबते :
"सफरचंदं आहेत. वाऱ्याने पडलेली, पण गोड."

फेरीबोटीवर, अर्ध्या वाटेत, एक खाताना
केर्तु थबकते.
सफरचंदं.
कशी म्हणाली ती?
आठवून बघते, ओठ गोल करून, मग सैल सोडून.
शेजारचा ट्रक-ड्रायव्हर बघत राहतो.
दोन्ही खरी वाटतात.